दोन टाळ्या ऐकू आल्या तर मोजू नये

आधीच सांगते, मला कुणाला घाबरवायचं नाही. मला राग आलाय, कंटाळा आलाय आणि हे ऐकून घेणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितेय.

यातलं काहीही मनानं रचलेलं नाही. माळाचं नाव तेवढं बदललंय. बाकी सगळं माझ्यासमोर घडलंय.

रविवार, १८ फेब्रुवारी २०२४. संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. बेंबळीपासून आठ किलोमीटरवर, टेंभ्याचा माळ.

अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. पश्चिमेला चांगला उजेड होता. खालच्या रानात कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली होती. इतकी साधी वेळ.

माझं नाव अक्षरा. मी तुळजापूरची. वडील शिक्षक होते, त्यांना वाटलं होतं मुलगी बँकेत लागेल. मुलगी लागली लांडगे मोजायला.

आमची संस्था माळरानं आणि तिथली जनावरं वाचवायचं काम करते. मुख्य ऑफिस पुण्यात. तिथं प्रमोदिनी मॅडम असतात, आणि त्यांना रोज संध्याकाळी आकडे लागतात. धाराशिवचं ऑफिस म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक जुनी गाडी, मी आणि नंदीश. नंदीश उमरग्याकडचा. गाडी तोच चालवतो, माळावर खुंट ठोकून कॅमेरे तोच बांधतो आणि माझी चिडचिडही तोच ऐकतो.

तिसरे होते बब्रुवान काका.

होते.

काका टेंभ्याच्या माळाच्या कडेला, वस्तीवर राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी त्या माळावर शेळ्या राखल्या. लांडग्यांनी त्यांची वीसेक करडं तरी नेली असतील. पण लांडग्याला शिवी दिलेली मी कधी ऐकली नाही. "त्येला बी प्वाट हाय की," एवढंच म्हणायचे.

आता आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लांडगा सहसा दिसत नाही. म्हणून आम्ही त्याला हाक मारतो. हसू नका, खरंच असं करतात. दिवस मावळताना किंवा उजाडताना उंचावर उभं राहायचं, तोंडाभोवती हात धरायचे आणि लांडग्यासारखं ओरडायचं. मग दोन मिनिटं एकदम गप्प. आसपास लांडगे असले तर कधीकधी उत्तर देतात. आमच्या रजिस्टरमध्ये त्यासाठी दोन रकाने आहेत. हाक आणि जबाब. जबाब हा शब्द काकांचा.

काकांसारखी हाक कुणालाच जमायची नाही. लांब, चढत जाणारी. त्यांना थोडा दमा होता. श्वास संपत आला की शेवटी आवाज चिरायचा. तो चिरका शेवट मी झोपेतसुद्धा ओळखेन.

पहिल्याच वर्षी आमच्याकडून एक भयंकर मूर्खपणा झाला.

नंदीश एका टेकाडावरून हाक द्यायचा. काका अर्धा-एक किलोमीटरवर, दुसऱ्या टेकाडावरून. काकांची हाक नंदीशला ऐकू आली, त्यानं लिहिलं, जबाब आला, एक लांडगा. नंदीशची हाक काकांना ऐकू आली, त्यांनीही लिहिलं, जबाब आला, एक लांडगा. महिनाभर हे दोघे एकमेकांना मोजत बसले. मी पुण्याला अहवाल पाठवला, 'किमान दोन लांडगे'. तिकडं पेढे वाटले. मग एके दिवशी दोघांच्या वेळा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकाची हाक, तोच दुसऱ्याचा जबाब.

अहवाल मागं घ्यावा लागला. प्रमोदिनी मॅडम फोनवर जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काका इतके ओशाळले की दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नियम ठरवूनच.

"हाक दिली की आपल्या माणसानं दोन टाळ्या वाजवायच्या. लांडगा काय टाळ्या वाजवत न्हाय. टाळ्या ऐकल्या की समजायचं, माणूस हाय. त्येला मोजायचं न्हाय."

मी ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. दोन टाळ्या ऐकू आल्या तर मोजू नये.

काका काठी काखेत धरून टाळी वाजवायचे. पहिल्या टाळीला काठी घसरायची. ती सावरायची, मग दुसरी. त्यामुळं त्यांच्या टाळ्या लागोपाठ कधीच यायच्या नाहीत.

टाळी... मग थांबून... टाळी.

ऑगस्ट २०२३ मध्ये काका गेले. माळावरच.

पहाटेच्या हाकेला दोघांनी जायचं, असा नियम आहे. नंदीश सुट्टीवर होता, म्हणून मी जाणार होते. पण पुण्याला देणगीदारांची बैठक होती आणि मला फोटो, तक्ते, रंगीत नकाशे करून पाठवायचे होते. मी काकांना फोन केला. "उद्या तुम्ही एकटे जाता का?"

"जातो की. त्यात काय?"

सकाळी नऊला एका मेंढपाळाला ते दिसले. दगडांच्या ढिगाला टेकून बसलेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मांडीवर रजिस्टर उघडं होतं. हाकेच्या रकान्यात तीन खुणा. जबाबाचा रकाना कोरा.

त्या बैठकीत माझे नकाशे कुणी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. हे मला नंतर कळलं.

पुढच्या काही महिन्यांत माळच जायची वेळ आली. टेंभ्याचा माळ म्हणजे गायरान, तीनशे एकर. ते सौर पॅनेल लावायला एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. आम्ही हरकत घेतली. जमीन द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या समितीनं विचारलं, इथं लांडगे आहेत याला पुरावा काय? २९ फेब्रुवारीपर्यंत द्या, नाहीतर जमीन पडीक समजू.

पडीक! तिथं चिंकारा आहेत, खोकडं आहेत, गवतात अंडी घालणारे पक्षी आहेत. पण झाड नाही म्हणजे पडीक. हे लोकांना समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला होता.

नोव्हेंबरपासून आम्ही रोज हाका देत होतो. एक जबाब नाही. मेंढपाळांना विचारावं तर, "हैती की मॅडम, परवाच दिसलं!" कधीही विचारा, परवाच. कॅमेऱ्यांत कुत्री आली, शेळ्या आल्या, डबा घेऊन बसलेले एक गृहस्थ आले. लांडगा नाही.

आणि रोज पुण्याहून फोन. "अक्षरा, काही मिळालं का?"

नाही मिळालं, मॅडम. नाही मिळालं!

तर ती १८ तारखेची संध्याकाळ.

पहिली हाक नंदीशनं दिली. दोन मिनिटं थांबलो. काही नाही. दुसरीही त्यानंच दिली. काही नाही. रेकॉर्डर चालू होता. त्यात येत होता फक्त मोटारीचा आवाज, टिटव्या आणि खालच्या मेंढवाड्यावरची कुत्री. आमच्या प्रत्येक हाकेला ती कुत्री जीव तोडून भुंकायची.

तिसरी हाक मी दिली. रागानंच दिली. घसा बसला होता, त्यामुळं शेवटी नुसता खोकला आला.

कुत्री भुंकली नाहीत.

टिटव्याही थांबल्या.

मग खालची मोटार बंद पडली. वीज गेली असेल, असं मला वाटलं.

इतकं शांत झालं की नंदीशच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं.

आणि समोरच्या टेकाडावरून... जबाब आला.

लांब. चढत जाणारा.

नंदीशनं माझा दंड गच्च धरला. मला रडू फुटलं. साडेतीन महिने! मी एक बोट वर केलं. एक लांडगा. नंदीशनं पेन उघडला.

शेवटी तो आवाज... चिरला.

मग...

टाळी.

थोडं थांबून...

टाळी.

नंदीशचा पेन हवेतच राहिला.

"कोण आहे रे तिकडं?" मी ओरडले. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. संताप आला. कुणीतरी चेष्टा करतंय, एवढंच डोक्यात होतं. मी तरातरा चालत सुटले. नंदीश मागं.

टेकाड सहाशे पावलांवर. उघडं, मधे एक बोरीचं झुडूप. वर पोचलो तेव्हा अजून दिसत होतं.

कुणी नव्हतं.

पलीकडच्या उताराला नुकतंच नांगरलेलं रान होतं. पळून जायचं तर त्यातूनच जावं लागलं असतं. ढेकळांवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

नंदीश टोपी काढून उभा राहिला होता.

"मॅडम, काका हैत."

"गप्प बस."

"टाळ्या ऐकल्या न्हाय का तुमी?"

"गप्प बस म्हटलं ना!"

मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्यानं टोपी घातली आणि गाडीकडं निघाला.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. म्हटलं, नीट तपासू. नंदीशला आधीच त्या टेकाडावर बसवलं. मी खाली, नेहमीच्या जागी. दोघांचे फोन चालू.

मी हाक दिली.

पुन्हा तसंच. कुत्री गप्प. टिटव्या गप्प.

टेकाडावरून जबाब आला. शेवट चिरला. टाळी... टाळी.

"नंदीश, तू दिलास का?" मी फोनवर विचारलं.

"न्हाय, मॅडम."

"मग तिथं कोण आहे?"

तो अगदी हळू म्हणाला, "मॅडम, हितनं न्हाय आला. मला खालनं ऐकू आला. तुमच्या मागनं..."

मी मागं वळून पाहिलं नाही.

गाडीपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. गाडीत बसून काचा वर केल्या आणि नंदीश येईपर्यंत हॉर्नवर हात ठेवून बसले, एवढं आठवतं.

भास असता तर बरं झालं असतं. पण रेकॉर्डरमध्ये सगळं स्वच्छ आलं होतं. लॅपटॉपवर ऐकलं. हाक, शांतता, जबाब, टाळ्या.

२७ तारीख उजाडली. पुराव्याला दोन दिवस उरले. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, ते रेकॉर्डिंग.

मी काय करतेय ते नंदीशला लगेच कळलं.

"मॅडम, टाळ्या वाजवल्यात त्येंनी. मला मोजू नका म्हणत्यात."

"नाही मोजलं तर माळ जातोय, नंदीश. काकांचा माळ. तिथं खांब ठोकलेले काकांना चाललं असतं का?"

मी टाळ्यांचे शेवटचे चार सेकंद कापले. एक मिनिट लागलं नाही त्याला.

फाइल पुण्याला गेली. तिथून कुण्या तज्ज्ञाकडं गेली. संध्याकाळी प्रमोदिनी मॅडमचा फोन. "अक्षरा, अप्रतिम! प्रौढ नर आहे म्हणे, एकटा. शेवट मात्र एकदम तुटलाय, असं का?"

"बॅटरी गेली," मी म्हणाले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी माझं पहिल्यांदा कौतुक केलं, आणि ते असल्या कामासाठी.

समितीनं जमीन द्यायचं एक वर्ष लांबवलं. कागदावर आलं, टेंभ्याचा माळ, लांडगा, एक, नर. खाली एक ओळ होती. दरवर्षी फेब्रुवारीत नव्यानं पुरावा सादर करावा.

ती ओळ मी तेव्हा नीट वाचली नाही.

ऑगस्टमध्ये काकांचं वर्षश्राद्ध होतं. मी वस्तीवर गेले. धुरपदाकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, चहा दिला. मग एकदम म्हणाल्या,

"ताई, तुमी त्येंला मोजलं व्हय?"

मी कपबशी खाली ठेवली.

"कोण म्हणालं? नंदीश आला होता का?"

"कुणी सांगाया कशाला पायजे? ह्या शेळ्या बघा की."

दिवस मावळत होता. आठ-दहा शेळ्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. आत जात नव्हत्या. सगळ्यांची तोंडं माळाकडं.

"त्ये गेल्यावर शेळ्या नीट हुत्या. माझ्या आवाजाला आत यायच्या. औंदा शिमग्याच्या आधीपास्नं ह्ये सुरू झालं. दिस मावळला की उभ्या ऱ्हात्यात. आत हाकलताना माझा जीव जातो."

"काकू, मी माळ वाचवला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मी नसतं केलं तर आज तुमच्या दारासमोर कुंपण असतं!"

"व्हय. वाचवला की." त्या शांतच होत्या. "पण मरून तरी सुटले हुते त्ये. तुमी पुन्यांदा कामाला लावलं. आता दरसाल त्येंनीच जबाब द्यायचा का?"

मी चहा तसाच ठेवून निघाले. खूप राग आला होता मला. समितीचा, पुण्याचा, काकूंचा. रस्त्यात गाडी थांबवून रडले, तेव्हा कळलं राग नेमका कुणाचा होता.

मग ठरवलं, वर्षभरात खरा लांडगा शोधायचाच. काकांची गरजच पडायला नको. दहा कॅमेरे लावले. वाळकी विष्ठा गोळा करून तपासायला पाठवली, सगळी कुत्र्यांची निघाली. जानेवारीपासून रोज हाका. जबाब नाही. काकांचाही नाही. त्याचं मला खरं तर बरंच वाटत होतं.

आणि मग गेल्या गुरुवारी. १३ फेब्रुवारी २०२५.

दोन हाका झाल्या. तिसरी मी दिली.

कुत्री थांबली.

टिटव्या थांबल्या.

नंदीशनं माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांना कळलं होतं.

जबाब आला... पण टेकाडावरून नाही. खालच्या कुसळी गवतातून. फार तर दोनशे पावलांवरून.

लांब. चढत जाणारा. शेवटी चिरलेला.

आम्ही टाळीची वाट पाहत उभे राहिलो.

एक मिनिट...

दोन मिनिटं...

टाळी वाजली नाही.

"मॅडम," नंदीश कुजबुजला, "लांडगा हाय का खरंच?"

मला काय झालं माहीत नाही. मीच टाळी वाजवली. काकांसारखी. एक. थांबले. मग दुसरी. आठवण करून द्यावी तशी.

लगेच जबाब आला. आधीपेक्षा जवळून.

टाळ्या नाहीत.

गवत एका बाजूला हललं आणि थांबलं. आम्ही तिथून पळालो. दोघंही. लाज वाटत नाही मला सांगायला.

सकाळी उजाडल्यावर परत गेलो. गवताच्या कडेच्या मऊ मातीत पंजे उमटले होते. मोठे, सरळ ओळीत. लांडग्याचे म्हणावेत असेच. ती ओळ माळ सोडून वस्तीकडं गेली होती. धुरपदाकाकूंच्या गोठ्यापर्यंत. दारात थांबून माती तुडवलेली होती.

एकही शेळी गेली नव्हती.

काकू दारातच बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "काल शेळ्या आपल्या आपण आत आल्या. त्ये असताना यायच्या तशा."

मी पंजांचे फोटो काढले, माप घेतलं. रेकॉर्डिंग तर आहेच. या वेळी काही कापावं लागणार नाही. असा पुरावा मला सहा वर्षांत मिळाला नव्हता. पुण्याहून तीनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.

नंदीश रोज विचारतो, "मॅडम, जबाबात काय लिहू?"

लांडगा लिहिला आणि तो लांडगाच असला, तर सगळं मिळालं. ज्यासाठी इतकी वर्षं घसा फोडला ते सगळं.

आणि लांडगा लिहिला, पण तो लांडगा नसला तर?

शुक्रवारी समितीला उत्तर द्यायचंय. रकाना अजून कोरा आहे. मी पुन्हा पुन्हा ते जुनं रेकॉर्डिंग लावते, न कापलेलं, आणि टाळ्या ऐकते. मी माणूस आहे, मला मोजू नका, एवढंच ते सांगत होते.

तेवढंच मी कापलं.